बाळाचा लंगोट बदलायला जागा कुठे?

मिरजोळ्याहून तान्हं बाळ घेऊन लस टोचायला, दवाखान्यात किंवा लग्नाला निघालं की एक अडचण हमखास येते. बाळाने वाटेत लंगोट ओला केला, तर बदलायचा कुठे? शौचालयातली जमीन ओली असते. मग बाकावर, नाहीतर मांडीवरच उरकावं लागतं. बाळ वडिलांजवळ असेल तर आणखी पंचाईत. पुरुषांच्या बाजूला साधी फळी नसते आणि बायकांच्या बाजूला त्यांना जाता येत नाही.

हा प्रश्न बाळाच्या तब्येतीचा आहे. ओला लंगोट बराच वेळ राहिला की जांघेतली कातडी लाल होते, सोलवटते. शौचालयाच्या जमिनीवरचे जंतू दुपट्याला लागून बाळाच्या तोंडात गेले, तर जुलाब होतात. शी पुसल्यावर साबणाने हात न धुता भरवलं, तरी तोच धोका.

राज्यातल्या अनेक एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. सोय चांगली, पण ती अंगावर पाजणाऱ्या आईसाठी. बाळ घेऊन आलेल्या बापाने, आजोबांनी कुठे जावं? अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या इमारतींत स्त्री आणि पुरुष, दोघांच्याही शौचालयांत अशी सोय करायला सांगितलं.

आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी निकाल दिला. सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी आणि बाळाच्या देखभालीसाठी जागा असावी. जुन्या इमारतींत शक्य तिथे करावी, नव्या इमारतींच्या आराखड्यातच धरावी, असं त्यात आहे. कारखान्यांसाठी २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. आपल्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या भगिनींनी हे विचारून घ्यावं.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितलं होतं की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. मूल वाढवणं हे एकट्या बाईचं ओझं नाही, हा त्यातला धडा.

येत्या ग्रामसभेत मागणी लेखी द्या: कमरेइतक्या उंचीची, कठडा असलेली फळी, जवळ नळ, साबण आणि झाकणाची बादली, आणि ती आईबाप दोघांनाही वापरता येईल अशा जागी. फळीवर बाळाला एकटं सोडू नये, एक हात कायम त्याच्या अंगावर असावा.

तोवर पिशवीत मेणकापड, दोन लंगोट, साबण, पाण्याची बाटली आणि घाण कपड्यांसाठी वेगळी पिशवी ठेवा. डायपर शौचालयात टाकू नका, तुंबतं.

आणि सुरुवात आपल्या विहारापासून करू. जयंतीला, वर्षावासाच्या प्रवचनांना लेकुरवाळी माणसं येतातच. एका कोपऱ्यात फळी ठोकायला एक सुतार आणि एक दुपार पुरते.

जयभीम.