शाळेचा विकी जुन्या कॉम्प्युटरवर : प्रोग्राम वेगळा, पानं वेगळी

साखरखेर्डा आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं गाव. १७२४ साली इथेच निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाला हरवलं. लोणारचं सरोवर तर सगळ्या जगाला माहीत आहे. अशा विषयांवर आपली मुलं प्रकल्प लिहितात. कोणी उर्दूत, कोणी मराठीत. वर्ष संपलं की वह्या रद्दीत जातात. ही मेहनत टिकवायची असेल तर शाळेचा स्वतःचा विकी हा चांगला मार्ग आहे.

विकी म्हणजे अशी वेबसाईट, जिची पानं वाचणाराच दुरुस्त करू शकतो आणि जुना मजकूरही शाबूत राहतो. पहिला विकी १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केला. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. त्याला इंटरनेट लागतंच असं नाही. शाळेतल्या वायफायवरही तो चालतो.

विकिपीडियाच्या मीडियाविकीला पीएचपी आणि डेटाबेस लागतो. जावावर चालणाऱ्यांपैकी एक्सविकीत सोयी भरपूर, पण त्यालाही डेटाबेस हवा आणि मेमरीही जास्त. जेएसपीविकी मात्र प्रत्येक पान साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी आम्ही तोच सुचवू.

जेएसपीविकी चालतो टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये. जावा आणि टॉमकॅट बसवा, विकीची वॉर फाईल टॉमकॅटच्या 'वेबॲप्स' फोल्डरमध्ये टाका. टॉमकॅट ती स्वतः उलगडतो. एक खबरदारी घ्या : जेएसपीविकीच्या २ क्रमांकाच्या आवृत्त्यांना टॉमकॅट ९ लागतो. टॉमकॅट १० मध्ये जावाच्या आतल्या पॅकेजांची नावं बदलली, म्हणून त्या तिथे उघडत नाहीत.

मग कॉम्प्युटरवरचा भार कमी करा. टॉमकॅटसोबत आलेले नमुना प्रोग्राम आणि मदतीची पानं काढून टाका. जावाने किती मेमरी घ्यायची याची कमाल मर्यादा 'एक्सएमएक्स' या पर्यायाने ठरते. सुरुवातीला ५१२ एमबी देऊन बघा. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, म्हणजे उर्दू आणि मराठी दोन्ही नीट दिसतील. उर्दू परिच्छेदाला उजवीकडून डावीकडे अशी दिशा मात्र द्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवी वॉर फाईल टाकली की टॉमकॅट जुनं उलगडलेलं फोल्डर पुसून नवं बनवतो. त्या फोल्डरात जे असेल ते गेलं! म्हणून पानं, जोडलेले फोटो, वापरणाऱ्यांच्या खात्यांची यादी आणि आपल्या सेटिंगची फाईल, हे सगळं वेबॲप्सच्या बाहेर असू द्या. खात्यांची यादी मुळात आतच असते, ती आठवणीने हलवा. सेटिंगची फाईल टॉमकॅटच्या 'लिब' फोल्डरमध्ये चालते.

पानांची नावंही आटोपशीर ठेवा. फाईलच्या नावात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची ९ अक्षरं होतात आणि एका नावाला साधारण २५५ अक्षरांची मर्यादा असते. काना, मात्रा, हलन्त धरून २५ चिन्हांच्या आत नाव बसवा. उर्दूत एका अक्षराची ६ होतात, त्यामुळे थोडी सवलत मिळते.

एवढं केलं की बॅकअप सोपा. टॉमकॅट बंद करून तो बाहेरचा फोल्डर दर आठवड्याला पेनड्राईव्हवर घ्या. वर्षातून एकदा तोच फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. प्रोग्राम पुन्हा मोफत मिळतो. आठवीतल्या मुलीने दादीला विचारून लिहिलेलं पान पुन्हा कुठूनच मिळत नाही.