कोंबड्याच्या पिसाला परदेशात गिऱ्हाईक

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मॅकेन्झी नदी आहे. तिथे ट्राउट माशाच्या शौकिनांसाठी खास होडी तयार झाली. तळ सपाट, दोन्ही टोके वर उचललेली. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि उलटी वल्ही मारून वेग आवरतो, म्हणजे गिऱ्हाइकाला गळ नेमका टाकता येतो. गळाला गांडूळ नसते, पिसे गुंडाळून बांधलेली नकली माशी असते.

आमच्या वाचकांचा संबंध येतो तो इथे. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस लागते. पूर्वी हा माल कातडीसकट भारत-चीनमधून जाई. पुढे अमेरिकन पैदासकारांनी निवडक कोंबडे पिढ्यान्‌पिढ्या जोपासून पीस लांब व काडी लवचीक केली, आणि वरच्या भावाचे गिऱ्हाईक तिकडे वळले. २०११ साली तीच पिसे केसांत खोवण्याची फॅशन निघाली, तेव्हा मासेमारांच्या दुकानांत माल मिळेना.

आपल्याकडे पिसे उकिरड्यावर जातात. ब्रॉयलरची या कामाची नाहीतच. पुरत्या वाढलेल्या गावठी कोंबड्याची पाहावीत. हलालची सुरी गळ्यावर फिरते, मानेमागचे कातडे शाबूत राहते. ते स्वच्छ करून वाळवावे, कसर लागू देऊ नये, रंगवार निवडावे. मात्र बर्ड फ्लूच्या काळात काही देश असा माल अडवतात. म्हणून पशुवैद्यकीय दाखल्याची चौकशी आधी करावी, माल मागाहून जमवावा.