ज्यूस पिऊन झोकांड्या

भालकीला बहिणीकडे गेलो की संध्याकाळचा टीव्ही भाच्याच्या ताब्यात असतो. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि कार्टून हिंदीतून, अशी बिदर-कलबुर्गी पट्ट्यातल्या पुष्कळ पोरांसारखी त्याचीही तिहेरी कसरत. मागच्या खेपेला ‘शिनचॅन’ लागलं होतं. शिनचॅनचा बाप ऑफिसातून दमून आला, टाय सैल केला, थंडगार डबा फोडला आणि फेस पुसत ‘आऽऽह’ म्हणाला. संवादात शब्द आला, ज्यूस. भाचा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “मामा, ज्यूस पिऊन कुणी एवढं लाल होतंय का?”

नऊ वर्षांच्या पोराने डबिंगवाल्यांची चोरी पकडली होती. हे जपानी कार्टून आपल्याकडे २००६ साली आलं. २००८ मध्ये सरकारने ते बंद पाडलं आणि पुढच्या वर्षी कात्री लावून घेऊन ते परतलं. शब्द कापता येतो. लाल झालेलं नाक, जड जीभ आणि डोलणारी चाल कशी कापणार?

कार्टूनमधली दारू जुनीच आहे. १९४७ च्या ‘पार्ट टाइम पाल’मध्ये टॉम तळघरातल्या सायडरच्या पिंपात पडतो. सायडर म्हणजे सफरचंदाची दारू. बाहेर येतो तो जेरीच्या गळ्यात गळा घालूनच. शुद्धीवर आला की पुन्हा उंदरामागे, चढली की पुन्हा यार. हसून पोट दुखतं, मीही हसलोय. पण गोष्टीचा हिशेब मांडून पाहा: शुद्धीतला टॉम दुष्ट, प्यालेला टॉम प्रेमळ. १९४१ च्या ‘डम्बो’त हत्तीचं पिल्लू शॅम्पेन पडलेलं पाणी पितं, त्याला गुलाबी हत्ती नाचताना दिसतात आणि सकाळी ते जागं होतं ते झाडाच्या फांदीवर. आपल्याला उडता येतं हा शोध त्याला तिथे लागतो! त्याच्या आदल्याच वर्षीच्या ‘पिनोकिओ’त मात्र बिअर ढोसणाऱ्या, सिगार ओढणाऱ्या पोराचं गाढव होतं. शिक्षा जरा जास्तच, पण निदान काहीतरी होतं.

१९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याची मोजदादच छापून आली. १९३७ ते १९९७ या काळातले, लहानथोर सगळ्यांना चालतील असं प्रमाणपत्र मिळालेले ५० अ‍ॅनिमेशनपट संशोधकांनी तपासले. २५ चित्रपटांत दारू होती. पिणाऱ्यांत नुसते खलनायक नव्हते, भली पात्रंही होती.

आपल्या देशी कार्टूनांनी वेगळी वाट धरली. बिदरहून तीनेक तासांवरच्या हैदराबादेत जन्मलेल्या छोटा भीमला लाडू खाल्ला की जोर चढतो, मोटूचं डोकं समोशाशिवाय चालत नाही. दारूचा प्रश्नच नाही. दातांचा आणि पोटाचा आहे, पण तो लेख वेगळा.

खरं सांगायचं तर या भागात मुलांना दारूची गोष्ट उघड सांगायची रीत जुनी आहे. शाळेची सहल बिदरला बहमनी वजीर महमूद गावानच्या मदरशात गेली की निळ्या टाइलांबरोबर त्याच्या मरणाची हकिकतही पोरांच्या कानावर पडते. शत्रूंनी वजिराच्या मोहरदाराला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर फितुरीचं खोटं पत्र लिहिलं गेलं. सुलतान तिसऱ्या महंमदशहाने, तोही नशेतच होता असं सांगतात, १४८१ मध्ये आपल्या सर्वांत लायक माणसाचं डोकं उडवलं. वर्षभरात सुलतानही गेला आणि बहमनी राज्याला जी घरघर लागली ती थांबली नाही. तिकडे बसवकल्याणात शिवभक्त शरणांच्या मेळ्यातल्या हेंडद मारय्याची ओळखच त्याच्या धंद्यावरून आहे. हेंड म्हणजे ताडी-शिंदी, ती विकणारा मारय्या. बाराव्या शतकातल्या त्या मंडळींनी त्याचं नाव बदलून ‘सरबतवाला’ केलं नाही.

आजचं पोर तर दारू रोज बघतं. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी ही पाकिटातली देशी दारू बंद झाली. गरिबाचं पाकीट गेलं आणि त्याच्या जागी आला ९० मिलीचा टेट्रा पॅक. चौकोनी, रंगीत, हातात मावेल एवढा. आंब्याच्या सरबताचा खोका शेजारी ठेवला तर लांबून फरक कळत नाही. शेताच्या बांधावर, एस.टी. थांब्यामागे, शाळेच्या भिंतीलगत असे चेपलेले खोके पडलेले असतात. पडद्यावर बिअरला ज्यूस म्हणायचं आणि दुकानात दारू ज्यूसच्या वेषात ठेवायची, हे बरं जमलंय.

मी टीव्हीचा आवाज कमी केला आणि भाच्याला म्हटलं, “ती बिअर आहे. दारूच.”

“मग तसं म्हणत का नाहीत?”

“तुम्हा पोरांना कळू नये म्हणून.”

तो हसला आणि गृहपाठाला बसला. दप्तरातून त्याने ‘लेखक’ वही काढली. ही वही एमएसआयएल या कर्नाटक सरकारच्या कंपनीची. राज्यभर दारूची दुकानं चालवते तीही हीच कंपनी.