बालाघाटचे वनोत्सव : श्रद्धेतून वनरक्षण

सातपुड्याच्या मैकल रांगेत, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला बालाघाट हा मध्य प्रदेशातील वनसमृद्ध जिल्हा होय. जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र वनाच्छादित असून कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा (स्थापना १९५५) काही भागही येथे मोडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्य पुनर्रचनेपूर्वी बालाघाट व विदर्भ एकाच राज्यात होते. त्यामुळे जिवती, पोळा यांसारखे सण दोन्हीकडे समान आस्थेने साजरे होतात. येथील गोंड व बैगा समाजांच्या उत्सवांमध्ये वनरक्षणाचा जो विचार दडलेला आहे, त्याचा हा अल्प परिचय.

वृक्ष हेच देवस्थान

गोंड समाजाचा बडादेव साज वृक्षाच्या ठायी वास करतो. मराठीत या वृक्षास ऐन म्हणतात. परंपरेनुसार गोंडांची ७५० गोत्रे असून प्रत्येक गोत्रास काही वृक्ष, प्राणी व पक्षी पूज्य असतात. आपल्या गोत्राच्या पूज्य वृक्षास कुऱ्हाड लावू नये व पूज्य प्राण्यास मारू नये, असा दंडक आहे. अशा रीतीने वनातील जीवसृष्टीच्या रक्षणाची जबाबदारी गोत्रागोत्रांत वाटली गेली आहे.

सणांतील संयम

पेरणीपूर्वी बिदरी पूजेत बियाण्यांचे पूजन होते. त्यानंतर जिवती (हरेली) येते. मराठी पंचांगाप्रमाणे ती आषाढ अमावास्या, तर उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे श्रावण अमावास्या होय. नवे धान्य प्रथम देवास व पूर्वजांस अर्पण करून मगच सेवन करावयाचे, ही नवाखाईची रीत. मोह, चार, आंबा या वनफळांबाबतही हाच नियम पाळला जातो.

या नियमाचे महत्त्व चारोळीच्या उदाहरणावरून ध्यानी येते. वनातील चार वृक्ष कोणा एकाच्या मालकीचे नसतात. बाजारात चारोळीस भाव असल्याने जो प्रथम पोहोचेल तो फळे नेतो. मग कच्चीच फळे तोडली जातात, वेळप्रसंगी फांद्याही छाटल्या जातात आणि नवी रोपे उगवण्यास पक्व बीज उरत नाही. पूजेपूर्वी कोणीही फळ तोडू नये, असे संपूर्ण गावाने ठरविले की फळास पिकण्यास अवधी मिळतो. जे पहाऱ्याने साधत नाही ते सणाने साधते.

कचारगडची यात्रा

बालाघाटच्या लांजी भागास लागून गोंदिया जिल्ह्याचा सालेकसा तालुका आहे. तेथील कचारगड गुहा हे गोंड समाजाचे महान श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो यांनी जंगो रायताड यांच्या साहाय्याने कली कंकालीच्या पुत्रांना या गुहेतून मुक्त केले आणि पुढे समाजास गोत्रव्यवस्था दिली, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेस येथे यात्रा भरते व अनेक राज्यांतून भाविक येतात.

आपले कर्तव्य

यात्रेची गर्दी वाढली की अरण्यावरील भारही वाढतो. माघानंतर पानगळ होते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालील पाचोळा पेटविला जातो आणि अनेकदा तोच वणवा होऊन कोवळी रोपे भस्मसात करतो. पाचोळा झाडून वा झाडाखाली जाळी पसरूनही फुले गोळा करता येतात.

ज्या वृक्षापुढे आपण नतमस्तक होतो, त्याच्या सावलीत प्लास्टिक टाकणे वा विस्तव तसाच सोडून जाणे ही पूजा नव्हे. सर्व भाविकांनी यात्रेस जाताना कापडी पिशवी न्यावी, सरपणासाठी ओली फांदी तोडू नये व निघताना चुलीवर पाणी ओतावे, ही नम्र विनंती.