फॅट ३.३, दर मात्र ३.२चा

सातारा-सांगलीच्या दूधपट्ट्यात बिल सॉफ्टवेअर काढते. उत्पादकाच्या हातात येणारा दर फॅट आणि एसएनएफ (फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) यांच्या तक्त्यातून ठरतो. असे सॉफ्टवेअर दोघा-तिघांची टीमही लिहू शकते, आणि तिथेच ऐकू येते, "एवढ्याशा प्रोजेक्टला ऑटोमेटेड टेस्टिंग कशाला?"

मोठ्या कंपनीत तपासायला वेगळी माणसे असतात. छोट्या टीममध्ये ती नसतात, म्हणून गरज इथेच जास्त. फोनाफोनांत असलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसची टीम अगदी लहान आहे. तरी एसक्यूलाइटच्या मूळ कोडच्या सुमारे ५९० पट कोड चाचण्यांचा आहे. एवढे कुणी करावे असे नाही, पण लहान टीम आणि चाचण्या यांचे वैर नाही हे नक्की.

"हाताने चालवून पाहिले, बरोबर येते" हा समज सर्वांत घातक. समजा प्रोग्रॅम ३.० फॅटपासून ०.१ मिळवत दराचा तक्ता बनवतो. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही. पायथनमध्ये ३.२ + ०.१ केले की ३.३००००००००००००००३ येते. आता ३.३ फॅटचे दूध आले, की तक्त्यातली ही ओळ त्याहून किंचित मोठी ठरते आणि दर ३.२चा लागतो. ३.० आणि ३.२ तपासणाऱ्याला सारे ठीक दिसते. पैसे मात्र उत्पादकाचे जातात, तेही रोज, सकाळ-संध्याकाळ. ३.३ फॅट ३३ असा पूर्णांकात आणि रक्कम पैशांत ठेवली की हा दोष जातो. तो परत शिरू नये म्हणून छापील दरपत्रकाची प्रत्येक ओळ चाचणीत घालायची. संगणक ती क्षणात तपासतो.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. पायथनमध्ये चाचण्या लिहायचे साधन पायटेस्ट मोफत आहे. गिटहबच्या मोफत खात्यात खासगी प्रोजेक्टच्या चाचण्या त्यांच्या संगणकांवर चालवायला महिन्याला २,००० मिनिटे मिळतात, त्यामुळे कोड चढवला की चाचण्या आपोआप चालवता येतात. सगळ्या कोडवर एकदम चाचण्या लिहायचीही गरज नाही. दर, कपात आणि बिलाची बेरीज एवढ्यापासून सुरुवात करावी. स्क्रीनचे रंग थांबू शकतात.

चाचण्या पास म्हणजे चूक नाहीच, असेही नाही. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी हे फार पूर्वी बजावले होते. दरपत्रक समजण्यातच चूक झाली, तर चाचणीही तीच चूक बरोबर ठरवते. म्हणून अपेक्षित आकडे प्रोग्रॅमरने काढू नयेत. ते संकलन केंद्राच्या सचिवांकडून लिहून घ्यावेत.