पऱ्हाटीचा कोळसा, पाण्यातला रंग

कपाशीची शेवटची वेचणी उरकली, तरी जळगाव-धुळ्याच्या शिवारात पऱ्हाट्या उभ्याच असतात. फरदड (शेवटच्या वेचणीनंतरचं वाढीव पीक) घेऊ नका, रान लवकर मोकळं करा, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. कारण उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. उपटलेल्या काड्यांपैकी काही चुलीत जातात, बऱ्याचशा बांधावरच पेटवल्या जातात. याच काड्यांपासून कापडाला रंग देणाऱ्या कारखान्याचं सांडपाणी नितळ करणारा पदार्थ तयार होऊ शकतो. चीनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये कपाशीच्या काड्यांपासून सक्रिय कोळसा बनवून पाण्यातला मेथिलिन ब्लू हा निळा रंग काढून दाखवला होता.

कोळशाचा हा गुण जुनाच. टोबियास लोविट्झ या रसायनतज्ज्ञाला रशियात १७८५ मध्ये तो आढळला. हे तंत्र ज्या उद्योगात वापरतात, तो खान्देशातही अनोळखी नाही. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. तेल शुद्ध करताना त्याचा रंग उतरवायला विरंजक मातीच्या जोडीला सक्रिय कोळसा घालण्याची पद्धत या धंद्यात आहे.

मग चुलीतला कोळसा का चालत नाही? त्याची बरीचशी छिद्रं डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली असतात. ती मोकळी करण्यासाठी कोळशावरून ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला वाफ सोडतात. वाफ थोडा कार्बन वायूच्या रूपात घेऊन जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्यांचं जाळं राहतं. दुसऱ्या पद्धतीत कच्चा माल आधी फॉस्फोरिक आम्लात भिजवतात. मग ५०० अंशांच्या आसपासची आच पुरते. यातली बरीच छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. त्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ मोजलं, तर चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम कोळशात हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे जागा भरते.

रंगाचे रेणू या भिंतींना चिकटतात. हेच अधिशोषण. मेथिलिन ब्लूचा रेणू चपटा आणि कड्यांनी बनलेला. कोळशातले कार्बनचे थरही तसेच कड्यांचे, त्यामुळे दोघांत ओढ निर्माण होते. त्यात विद्युतभाराची भर पडते. मेथिलिन ब्लूवर धनभार असतो आणि पाण्याचा आम्लपणा कमी केला की कोळशाच्या पृष्ठभागावर ऋणभार वाढतो, म्हणून तिथे हा रंग अधिक घट्ट बसतो. काँगो रेड हा रंग मात्र ऋणभारित. त्याला सहसा आम्लधर्मी पाणी मानवतं. आयर्विंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार पृष्ठभागावरच्या जागा ठरावीक असतात. त्या भरल्या की कोळसा थांबतो.

प्रयोगशाळेतल्या चंबूत एकच रंग असतो. कापडाच्या कारखान्याचं पाणी मात्र मिश्र. सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर पूर्ण बसत नाहीत. उरलेला भाग भरपूर मीठ आणि अल्कलीसह सांडपाण्यात येतो. हे रेणू मोठे, शिवाय ऋणभारित, त्यामुळे अगदी अरुंद छिद्रांत त्यांना शिरता येत नाही. त्यांच्यासाठी रुंद छिद्रांचा कोळसा आणि आधी सामू (पीएच) उतरवलेलं पाणी लागतं. डिस्पर्स रंगांचे तर न विरघळलेले कण असतात. ते तुरटीसारख्या पदार्थाने साकळवून आधीच खाली बसवावे लागतात. म्हणून कोळशाचा नंबर बहुधा शेवटी लागतो.

कोळशाच्या उभ्या टाकीतून पाणी वाहत असताना वरचे थर आधी भरतात, मग खालचे. तळाच्या नळातून फिकट रंग येऊ लागला की कोळसा बदलायची वेळ झाली. रंग नाहीसा झालेला नसतो, पाण्यातून कोळशात गेलेला असतो. असा कोळसा उघड्यावर टाकता येत नाही. त्याची घातक कचऱ्यासारखी विल्हेवाट लावावी लागते, नाहीतर ८०० अंशांच्या आसपास तापवून तो पुन्हा वापरात आणावा लागतो. प्रत्येक फेरीत त्यातला थोडा कोळसा जळून जातो, आणि भट्टीच्या इंधनाचा खर्च वेगळाच. लहान रंगाई कारखान्यांसाठी खरा हिशेब इथे सुरू होतो.