कडुलिंबाच्या रसाने बॅक्टेरिया मरतात? प्लेटवरचं वर्तुळ असं वाचा



"कडुलिंबाच्या पाल्याने बॅक्टेरिया मेले, हा घ्या पुरावा!" असं लिहिलेला काचेच्या प्लेटचा फोटो तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. बीएस्सीला असताना माझ्या प्रोजेक्टचा असाच फोटो मी स्टेटसला टाकला होता. तासाभरात मामेभावाचा फोन, "दादा, पायाची जखम चिघळलीय. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून हाच रस लावू का?" मी गडबडलो. गोळ्या बंद करू नकोस, एवढंच त्याला सांगितलं. का, ते मात्र मला नंतर कळलं.

ही टेस्ट कशी करतात?

1. पानं धुऊन सावलीत वाळवायची, पूड करायची आणि अल्कोहोलमध्ये भिजवायची. गाळलं की अर्क तयार.
2. प्लेटमध्ये म्युलर-हिंटन अगार नावाची जेलीसारखी खळ असते. तिच्यावर बॅक्टेरिया सगळीकडे सारखे पसरवायचे.
3. अगारमध्ये साधारण 6 मिमी रुंदीचे खड्डे पाडून त्यात अर्क टाकायचा.
4. प्लेट 37 अंश सेल्सिअसला 18 ते 24 तास ठेवायची.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर बॅक्टेरियाचा पांढुरका थर दिसतो. अर्काने वाढ रोखली असेल, तर खड्ड्याभोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. त्याचा व्यास मिमीमध्ये मोजतात.

माझं काय चुकलं?

अल्कोहोल स्वतःच बॅक्टेरिया मारतं! म्हणून एका खड्ड्यात नुसतं अल्कोहोल टाकून बघावं लागतं. यालाच कंट्रोल म्हणतात. माझ्या प्लेटवर तो नव्हताच. मॅडमनी टेस्ट पुन्हा करायला लावली, तर नुसत्या अल्कोहोलभोवतीही जवळपास तेवढंच वर्तुळ आलं. म्हणजे माझ्या फोटोवरून कडुलिंबाबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. स्टेटस लगेच डिलीट केलं.

फोटो आला तर हे तपासा

- नुसत्या सॉल्व्हंटचा खड्डा आहे का?
- तुलनेसाठी अँटिबायोटिकची डिस्क आहे का?
- बॅक्टेरिया कोणता? ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरियाला बाहेरून एक जादा आवरण असतं, त्यामुळे बरेच अर्क त्याच्यावर कमी चालतात.
- टेस्ट किती वेळा केली? निदान तीनदा तरी हवी.

आणि वर्तुळ मोठं म्हणजे औषध भारी, असंही नाही. काही पदार्थ अगारमध्ये भराभर पसरतात, काही जागचे हलत नाहीत. म्हणून पुढे अर्क पातळ करत जाऊन, किती कमी प्रमाणात वाढ थांबते ते बघतात. याला एमआयसी म्हणतात.

मग पानांत दम नाही का?

तसं नाही. तुळस, कडुलिंब, अडुळसा यांच्यावर खूप संशोधन झालंय आणि काही अर्कांनी प्लेटवर चांगला परिणाम दाखवलाय. पण प्लेटवर तर ब्लीचही बॅक्टेरिया मारतं, म्हणून ते कुणी पीत नाही! तो पदार्थ शरीरात योग्य जागी पोचतो का, पेशींना इजा करतो का, डोस किती, हे सगळं तपासायचं बाकी असतं. 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना प्लेटवर बुरशीभोवती बॅक्टेरिया नाहीसे झालेले दिसले. पण पेनिसिलिन पेशंटपर्यंत सर्रास पोचायला 1940 चं दशक उजाडलं.

मामेभावाने गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, जखम भरली. आता असा फोटो आला की तोच मला विचारतो, "दादा, यात कंट्रोल कुठाय?"

तुम्हीही विचारा. आणि हो, ही टेस्ट घरी करू नका. प्लेटवर वाढलेले बॅक्टेरिया धोकादायक असू शकतात.